नळ गळतोय? आधी कॉक बंद करा!



बचत, अंतर्गत कर्ज, व्याजाचा हिशोब, बँकेचे हप्ते यावर आपण दर बैठकीला बोलतो. या अंकाचा अभ्यासपाठ मात्र नळावर आहे. नळ, पाईप, टाकी आणि मोरी. हसू नका, यात पैसा आहे, वेळ आहे आणि काही ठिकाणी तर थेट जिवाचा प्रश्न आहे.

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. गावातल्या प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं त्यात ठरलं. आपल्या भागातही कितीतरी वाड्या-वस्त्यांवर दारात नळ आले. डोक्यावरचा हंडा उतरला, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याबरोबर एक नवं कामही घरात आलं. हातपंप बिघडला तर ती सगळ्या गावाची अडचण असायची. दारातला नळ गळाला तर ती एकट्या घराची अडचण. आणि नळ गळतो त्या वेळी घरात कोण असतं? बहुतेक वेळा तुम्हीच.

बैठकीसाठी गावोगाव फिरते तेव्हा नळाला बांधलेली चिंधी हमखास दिसते. कुठे सुतळी, कुठे प्लॅस्टिकची पिशवी. विचारलं की उत्तर ठरलेलं. "ह्यांना सांगितलंय, वेळ मिळाला की करतील." नाहीतर, "तालुक्याचा माणूस एवढ्याशा कामाला येत नाही ना ताई." मग ती चिंधी महिनोन् महिने तशीच राहते.

या पाठात दोन गोष्टी शिकायच्या आहेत. कोणती कामं आपण स्वतः करायची, आणि कोणत्या कामाला चुकूनही हात लावायचा नाही. दोन्ही सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

थेंबाचा हिशोब

आधी हिशोब करू, कारण हिशोबात आपण पक्क्या आहोत.

गळणाऱ्या नळाखाली एक साधा पेला ठेवा. पेला २०० मिलीचा धरू. घड्याळ लावून बघा. समजा पेला १० मिनिटांत भरला. म्हणजे तासाला सहा पेले, १२०० मिली, सव्वा लिटरच्या जवळ. दिवसाच्या २४ तासांत जवळपास २९ लिटर. एका माणसाला दिवसाला मिळायचं ५५ लिटर, त्यातलं निम्म्याहून जास्त एका तोटीतून गेलं.

आता आपल्याकडची गोष्ट घ्या. चौथ्या दिवशी नळाला पाणी येतं. टाकी ५०० लिटरची. चार दिवसांत साधारण ११५ लिटर पाणी नुसतं गळून गेलं. पंधरा लिटरचा हंडा धरला तर जवळजवळ आठ हंडे. शेवटच्या दिवशी टाकी रिकामी झाली की ते आठ हंडे हातपंपावरून किंवा विहिरीवरून कोण आणतं, हे मी सांगायला नको.

एका रबरी वायसरची किंमत एका चहाएवढी असते. त्या वायसरपायी आठ हंडे वाहायचे का, एवढाच प्रश्न आहे.

आधी आपल्या घरातल्या पाण्याची वाट ओळखा

हत्यार हातात घेण्याआधी एक चक्कर मारा. पाणी घरात कुठून येतं आणि कुठून बाहेर जातं, हे डोळ्यांनी बघा.

रस्त्यातली मोठी लाईन ग्रामपंचायतीची. तिच्यावरून आपल्या घराकडे अर्ध्या इंचाचा पाईप येतो. तो अंगणात किंवा भिंतीपाशी वर निघतो. तिथे बहुतेक एक कॉक असतो. कुणी त्याला वॉल म्हणतं, कुणी चावी. हाच घराचा मुख्य कॉक. तिथून पाणी खालच्या टाकीत, हौदात किंवा मोटरने वरच्या टाकीत जातं. वरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या पाईपला, टाकीच्या तोंडापाशी, दुसरा कॉक असतो. तिथून पाणी मोरी, स्वयंपाकघर आणि संडासाकडे जातं.

हे दोन कॉक म्हणजे तुमच्या हातातल्या दोन किल्ल्या. पाईप फुटला, तोटी हातात निघून आली, काहीही झालं तरी पहिलं काम एकच: कॉक बंद करणे. अंगणातल्या नळाची गळती असेल तर मुख्य कॉक. टाकीवर चालणाऱ्या नळाची असेल तर टाकीखालचा कॉक.

हे साधं वाटतं, पण पाईप फुटल्यावर आपण काय करतो? हाताने दाबून धरतो, बादल्या लावतो, पोरांना ओरडतो, शेतात फोन करतो. तोवर अर्धी टाकी अंगणात. कॉक बंद केला की धावपळ थांबते. धावपळ थांबली की डोकं चालतं. आणि माणूस बोलवायचाच असेल तर आत्ताच्या आत्ता, तो म्हणेल त्या भावाने बोलवावा लागत नाही. सकाळी चार ठिकाणी विचारून बोलवता येतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कॉक वर्षानुवर्षं फिरवला नाही की क्षार बसून जाम होतो आणि नेमक्या वेळी हलत नाही. म्हणून महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी म्हणा, तो पूर्ण बंद करून परत उघडायचा. दोन, घरात कॉकच नसेल तर या पाठातलं पहिलं काम तेच. प्लंबर कधीही आला तर त्याच्याकडून तो बसवून घ्या. यापुढच्या प्रत्येक दुरुस्तीत तो उपयोगी पडेल.

स्वतः करायचं की बोलवायचं? तीन प्रश्न

काम समोर आलं की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. या भागाचं पाणी मला बंद करता येतं का?

२. गळती डोळ्यांना दिसते का आणि तिथे हात पोचतो का?

३. यात वीज, गॅस, मैल्याची टाकी, धोक्याची उंची किंवा ग्रामपंचायतीची लाईन येते का?

पहिल्या दोन्हींचं उत्तर "हो" आणि तिसऱ्याचं "नाही" असेल, तर काम तुमचं. एकजरी उत्तर वेगळं आलं, तर थांबा आणि माणूस बोलवा. आणि आणखी एक नियम: स्वतः केलेली दुरुस्ती एकदा नीट झाली नाही तर पुन्हा एकदा करून बघा. तिसऱ्यांदा नाही. दोनदा करूनही गळतं, म्हणजे बिघाड आपल्याला वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे.

ही कामं आपली

*बंद केलेली तोटी थेंब थेंब गळते*

जुन्या पद्धतीची, चार-पाच फेरे फिरवायची पितळी तोटी असेल तर आतलं वायसर झिजलेलं असतं. ते बदलायचं.

- कॉक बंद करा. तोटी उघडून पाईपमधलं उरलेलं पाणी जाऊ द्या.
- मोरीच्या भोकावर फडकं ठेवा. छोटा स्क्रू आत गेला की सगळं काम तिथेच अडतं.
- फिरवायच्या मुठीखाली मोठा नट असतो. तो पान्याने डावीकडे फिरवून सैल करा. पितळेला ओरखडे नकोत म्हणून मध्ये कापड धरा.
- आतला दांडा वर येतो. त्याच्या खालच्या टोकाला काळं किंवा लाल रबर असतं, तेच वायसर.
- ते सोबत घेऊन दुकानात जा. "अर्ध्या इंचाचं द्या" एवढ्यावर भागत नाही, जुनं दाखवूनच नवं घ्या.
- वायसर जिथे टेकतं ती आतली कडा बोटाने चाचपून बघा. क्षार बसला असेल तर फडक्याने पुसून घ्या. कडाच खाल्लेली, खडबडीत असेल तर नवं वायसर टिकणार नाही, तोटी बदलावी लागेल.
- सगळं उलट क्रमाने बसवा आणि कॉक हळूहळू उघडा. एकदम उघडला की पाण्याचा धक्का बसतो.

नव्या नळांना अर्धाच फेरा असतो, पट्टीसारखी मूठ असते. त्यांत रबरी वायसर नसतं, आतला अख्खा दांडाच बदलतात. दुकानात त्याला स्पिंडल म्हणतात. तोही काढून, दाखवून आणायचा. प्लॅस्टिकची स्वस्त तोटी असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका, सरळ नवी बसवा.

*तोटी जिथे पाईपला बसते तिथून गळते*

इथे वायसरचा दोष नाही, आट्यांचा आहे. कॉक बंद करा आणि तोटी डावीकडे फिरवून काढा. लोखंडी पाईप असेल तर एका पान्याने पाईप घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने तोटी फिरवायची. नाहीतर भिंतीच्या आतला सांधा पिळवटतो आणि दहा रुपयांच्या कामाचं भिंत फोडायचं काम होतं.

जुनी टेप, सुतळी, सफेदा सगळं काढून आटे कोरडे करा. मग टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळा. तोटीच्या आट्यांचं तोंड आपल्याकडे धरलं तर टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जायला हवी. उलटी गुंडाळली तर तोटी बसवताना ती सुटून बाहेर येते. टेप पातळ असते, आठ-दहा फेरे ओढून गुंडाळा. तोटी आधी हाताने बसवा, शेवटचा थोडा पीळ पान्याने द्या. प्लॅस्टिकच्या आट्यांवर जोर लावू नका, त्यांना तडा जातो आणि तो तडा लगेच दिसतही नाही.

*नळाची धार बारीक झाली*

आधी शेजारी विचारा. सगळ्या गल्लीतच धार बारीक असेल तर दोष लाईनचा. फक्त आपल्याच नळाची असेल तर तोटीच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. वाळू आणि क्षार अडकलेले असतात. जाळी रात्रभर लिंबाच्या रसात ठेवा आणि सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासा.

*मोरी किंवा सिंक तुंबलं*

मोरीची जाळी काढा. केस, साबणाचा चोथा, भाताची शितं हाताने काढा, हातात पिशवी घाला. राखेने भांडी घासत असाल तर राख तळाशी बसून घट्ट होते, ती खरवडून काढावी लागते. मग रबरी पंप भोकावर दाबून पंधरा-वीस वेळा वरखाली करा. मोरीत थोडं पाणी असलं तरच पंप ओढ धरतो.

स्वयंपाकघराच्या सिंकखाली बाटलीसारखा भाग असतो. खाली बादली ठेवा, तो हाताने फिरवून काढा, धुवा, परत बसवा. त्याच्यात कायम थोडं पाणी राहतं ते चुकून नव्हे. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं घरात येत नाहीत. म्हणून तो भाग कायमचा काढून टाकू नका.

मोरीत उकळतं पाणी ओतू नका, प्लॅस्टिकचे पाईप नरम पडतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. काल ॲसिड टाकलं, निघालं नाही, म्हणून आज टीसीएल टाकली, असंही नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरतो.

*टाकी भरून वाहते*

टाकीत पाणी येतं तिथे दांड्याला चेंडू लावलेला असतो, त्याला बॉल कॉक म्हणतात. पाणी चढलं की चेंडू वर येतो आणि पाणी बंद होतं. टाकी वाहत असेल तर चेंडू काढून कानाशी हलवा. आत पाणी वाजलं तर चेंडू फुटलाय, नवा लावा. चेंडू ठीक असेल तर तोंडाशी क्षार किंवा कचरा अडकलाय का बघा.

पण टाकी कुठे आहे त्यावर हे काम तुमचं की नाही ते ठरतं. हौद किंवा स्लॅबवर जिन्याने पोचता येत असेल तर करा. शिडी लागत असेल तर खाली धरायला माणूस हवाच. पत्र्यावर, त्यातही सिमेंटच्या पत्र्यावर चढायचं नाही. तो वरून धड दिसतो आणि पायाखाली मोडतो.

*उघड्यावरचा प्लॅस्टिकचा पाईप चिरला*

कॉक बंद करा. माणूस येईपर्यंत चालवायचं असेल तर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ओढून ओढून, एकावर एक फेरा देत गुंडाळा आणि टोकं तारेने आवळा. हा तात्पुरता इलाज आहे. वरून सिमेंट किंवा एमसील थापून पाण्याच्या दाबापुढे ते फार दिवस टिकत नाही.

कायमचा इलाज म्हणजे चिरलेला तुकडा आक्सा ब्लेडने सरळ कापून काढणे, नवा तुकडा घेणे, आणि दोन्ही बाजूंना कपलिंग लावून सोल्युशनने चिकटवणे. पाईप आणि कपलिंग कोरडी-ठाक हवीत, ओल्यावर सोल्युशन धरत नाही. पांढऱ्या-राखाडी साध्या पाईपचं सोल्युशन वेगळं आणि गरम पाण्याच्या पिवळसर पाईपचं वेगळं, म्हणून पाईपचा तुकडा दुकानात दाखवा. डब्यावर लिहिलेला वेळ झाल्याशिवाय पाणी सोडू नका. हे काम पहिल्यांदा कुणाच्या तरी सोबतीने करा.

इथे हात लावायचा नाही

*नळाला झिणझिण्या येतात.* नळाला, टाकीच्या पाण्याला किंवा मोरीच्या ओल्या भिंतीला हात लावल्यावर करंट जाणवला, तर तो प्लंबरचा नव्हे, विजेचा बिघाड आहे. पाण्याला हात लावू नका, पोरांना लांब करा, कोरड्या हाताने आणि चपला घालून मेन स्विच बंद करा आणि वायरमन बोलवा. "थोडाच लागतो" असं म्हणून दिवस काढू नका. आज थोडा लागतो, उद्या पाय ओले असताना जीव घेतो.

*मोटर.* मोटर पाणी उचलत नाही, गरम होते, नुसती गुणगुणते, तर बटण बंद. वायरी उघडून बघायच्या नाहीत. बोअरमधली मोटर वर काढणं तर अजिबात घरचं काम नाही.

*गिझर.* गॅसचा असो की विजेचा, त्याच्या जोडणीला हात लावायचा नाही. गॅसचा गिझर असलेल्या न्हाणीघराची खिडकी किंवा झरोका थंडीतही बंद करू नका. हवा कोंडली की कार्बन मोनॉक्साईड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो.

*सेप्टिक टँक.* हे नीट वाचा आणि घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा. संडास, मोरी सगळंच एकदम तुंबायला लागलं तर अडथळा बहुतेक पुढे, मोठ्या पाईपमध्ये किंवा टाकीत असतो. अशा वेळी झाकण उघडून कुणीही आत उतरायचं नाही. डोकं आत घालून बघायचं नाही, काडी पेटवायची नाही. आत हायड्रोजन सल्फाईड आणि मिथेन साचलेला असतो. पहिल्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण तो जास्त झाला की नाकाला वास कळणंच बंद होतं. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, असं किती ठिकाणी झालंय. कुणी आत पडलंच तर उतरू नका, लगेच १०१ आणि १०८ ला फोन करा.

सेप्टिक टँकमध्ये, साधनांशिवाय, माणूस उतरवून सफाई करून घेणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हासुद्धा आहे. मजुरीवर कुणी यायला तयार असला तरी. टाकी उपसायला सक्शनची गाडीच बोलवायची.

ज्यांच्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे त्यांना गाडीची गरज नाही. एक खड्डा भरला की मधल्या चेंबरमध्ये त्याची वाट बंद करून दुसरी उघडायची. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की त्याचं कोरडं, बिनवासाचं खत होतं.

*आपल्या कॉकच्या अलीकडची गळती.* रस्त्यात, गटाराजवळ, कॉकच्या आधी पाईप गळत असेल तर ते ग्रामपंचायतीचं काम. ते स्वतः खोदून करू नका, पण गप्पही बसू नका. पाणी सोडणाऱ्याला सांगा, फोटो काढा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

हे का महत्त्वाचं? लाईनमध्ये पाणी असतं तोवर गळतीतून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाईपमध्ये पोकळी होते आणि त्याच भोकातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. कुणी नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. दाब कमी म्हणून खड्डा करून त्यात नळ बसवतात, त्या खड्ड्यात साचलेलं घाण पाणीही असंच आत जातं. एका घरचा खड्डा आणि सगळ्या गल्लीला जुलाब. म्हणून गळती दुरुस्त झाल्यावर पहिलं पाणी गढूळ किंवा वासाचं आलं तर ते सोडून द्या. पिण्याचं पाणी खळखळून उकळा आणि जलसुरक्षकाला ओटी टेस्ट करायला सांगा.

माणूस बोलावताना

प्लंबरच्या कामाचं मोल द्यायचंच, त्याचीही मजुरी घामाची आहे. पण आपल्याला काही कळत नाही असं धरून कुणी काहीही बिल लावू नये, एवढं बघायचं.

- फोनवर "नळ बिघडलाय" म्हणू नका. कुठून गळतं, कधीपासून, पाईप लोखंडी की प्लॅस्टिक, कॉक बंद केल्यावर गळती थांबते का, हे सांगा. तो लागणारं सामान घेऊनच येईल, एक फेरा वाचेल.
- येण्याचे पैसे किती, मजुरी किती आणि सामान कोण आणणार, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा.
- काढलेला जुना भाग मागून घ्या.
- काम चालू असताना जवळ थांबा आणि विचारा, "हे कशामुळे झालं?" पुढच्या वेळी उपयोग होतो.
- पाणी चालू करून पंधरा मिनिटं थांबा. सांध्यावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला नाही तर पैसे द्या.
- भिंत बुजवायच्या आधी आतल्या पाईपचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे खिळा मारताना पाईप कुठे आहे ते कळतं.

ग्रामसंघाची हत्यारपेटी

प्रत्येक घराने पाना घ्यायची गरज नाही. ग्रामसंघाने एक पेटी करावी: एक पाईप पाना, एक मागे-पुढे होणारा पाना, पक्कड, दोन पेचकस, आक्सा ब्लेड, रबरी पंप, टेफ्लॉन टेपचे चार-पाच गुंडे आणि नेहमी लागणारी वायसरं. पेटी एका ताईकडे, सोबत एक वही. कोणी नेलं, कधी नेलं, परत कधी दिलं. सामान वापरलं तर त्याचे पैसे पेटीत. वह्या लिहायची आपल्याला सवयच आहे.

त्याच वहीच्या मागच्या पानावर पाणी सोडणारा, जलसुरक्षक, वायरमन, प्लंबर आणि सक्शन गाडी यांचे नंबर लिहा. कुणी काय काम केलं, किती घेतले, काम टिकलं का, हेही लिहा. सहा महिन्यांत गावाला कुणाला बोलवावं ते कळेल.

"हे बाईचं काम नाही" असं कुणी म्हणेलच. त्यांना सांगा, उत्तर प्रदेशात बांदा-चित्रकूटच्या भागात महिला समाख्या कार्यक्रमातून १९९० च्या दशकात खेड्यातल्या बाया हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या बहुतेक दलित-आदिवासी होत्या आणि कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जमिनीतून जड पाईप वर ओढायचं ते काम. आपण तर वायसर बदलतोय. गावाच्या ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही निम्म्या जागा महिलांच्या आहेत. तुमच्या गावात त्या जागांवर कोण आहे, हे माहीत आहे का? आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स आहे, तो मुलींनाही खुला आहे. गटातल्या एखादीच्या लेकीला हाताच्या कामाची आवड असेल तर विचार करा. गावातलं काम गावातच होईल आणि तिच्या हाताला कमाईही होईल.

पुढच्या बैठकीत करायचा सराव

१. प्रत्येकीने घरातला मुख्य कॉक आणि टाकीचा कॉक शोधून, एकदा बंद-उघड करून यायचं. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरांनाही दाखवायचा.

२. ज्यांच्याकडे नळ गळतो त्यांनी पेला लावून वेळ मोजायचा. बैठकीत सगळ्यांचं मिळून रोजचं किती पाणी जातं ते फळ्यावर मांडायचं.

३. एक जुनी पितळी तोटी आणायची. प्रत्येकीने ती एकदा खोलायची, वायसर काढायचं आणि परत बसवायचं. बघून शिकता येत नाही, हाताने करूनच कळतं.

४. चर्चा करा: पुढच्या प्रसंगात तुम्ही काय कराल?
- मोरीचा नळ उघडला की हाताला मुंग्या येतात.
- बाथरूमच्या भिंतीवर ओल आली आहे, पण नळ कुठेच गळत नाही.
- संडासात पाणी ओतलं की मोरीतून वर येतं.
- अंगणातली तोटी आट्यांतून गळते.

यातलं एकच काम तुमचं आहे. कोणतं ते तीन प्रश्न लावून ठरवा, आणि बाकीच्या तिन्हींत कुणाला बोलवायचं तेही ठरवा.

सराव झाल्यावर गटाच्या इतिवृत्तात नोंद करा. किती चिंध्या सुटल्या आणि किती नळ थांबले, तो आकडा प्रभाग संघाच्या बैठकीला घेऊन या.

तुमची,
क्षेत्र समन्वयक